चष्म्याचं घर

आज्यांना दिवाळीची भेट म्हणून विकतची वस्तू द्यायची नाही, नातवानं स्वतःच्या हातांनी काहीतरी करून द्यायचं, असा ठराव आमच्या घरी एकमतानं मंजूर झाला. सूचना बायकोची, अनुमोदन चिरंजीवांचं आणि अंमलबजावणी माझ्याकडे. चिरंजीवांचं वय पाच. आज्या दोन. साताऱ्याची, म्हणजे माझी आई. आणि नागपूरची, म्हणजे बायकोची आई. दोघींचे चष्मे दिवसातून चारदा हरवतात आणि त्यांतले तीनदा कपाळावर सापडतात. तेव्हा जुन्या लग्नपत्रिकांची चष्म्याची घरं करायचं ठरलं. पत्रिकांना आमच्याकडे तोटा नाही. काही लग्नं मोडली, पण पत्रिका अजून भक्कम आहेत.

चिकटवायला खळ केली. कणीक पाण्यात कालवायची आणि चमचा जड लागेपर्यंत मंद आचेवर ढवळायची. पुस्तकं बांधणारे लोक तीत चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे कीड लागत नाही. पण मोरचूद विषारी आणि आमच्या कारागिराची बोटं दर दोन मिनिटांनी तोंडात. तेव्हा तो बेत रद्द.

पहिलं घर चिरंजीवांनी एकट्यानं केलं. पत्रिकेवरचा गणपती शीर्षासनात गेला. तोंड इतकं अरुंद झालं, की चष्म्याची एकच काडी आत जाई. वर ‘आजी’ लिहायचं होतं. पण ‘आ’ काढता काढताच सगळी जागा संपली, म्हणून ‘जी’ मागच्या बाजूला गेलं. दुसरं घर कसंबसं पुरं करून कारागीर झोपी गेले.

रात्री मी ते दुसरं घर ‘किंचित नीट’ करायला बसलो. आधी एक बाजू सोडवून पुन्हा चिकटवली. मग दुसरी वाकडी दिसायला लागली. मग कडा कापल्या, अक्षरं नव्यानं काढली, जरीची फीत लावली. साडेअकरापर्यंत चिरंजीवांचा असा एक खळीचा अंगठाच काय तो उरला होता. त्याच्यावर मी टिकली लावली.

थीसियसच्या जहाजाची गोष्ट प्लुटार्कनं लिहून ठेवली आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जपून ठेवलं होतं. फळी कुजली की काढायची आणि नवी बसवायची. पुढं तत्त्वज्ञांत वाद लागला, की हे जहाज तेच म्हणायचं की दुसरं? माझा गुन्हा अथेन्सकरांपेक्षा मोठा. माझ्या फळ्या कुजलेल्या नव्हत्या. नुसत्या पाच वर्षांच्या होत्या.

“हे दिलं की आजी मला काय देईल?” असं चिरंजीवांनी सकाळी विचारलं, तेव्हा मी त्यांना निरपेक्ष देण्यावर छोटंसं व्याख्यान दिलं. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांत परतफेडीच्या आशेनं दिलेलं दान ते राजस. व्याख्यान संपल्यावर माझ्या लक्षात आलं, की मलाही काहीतरी हवंच होतं. “किती सुबक! बापाचं वळण हो!” एवढं सासूबाईंच्या तोंडून ऐकायचं होतं. मुलाला निदान फटाके हवे होते.

वाकडं घर साताऱ्याला दिलं. आईनं ते डोळ्यांना लावलं, म्हणजे अगदी खरोखरच, कारण चष्मा सापडत नव्हता. मग नागपूरच्या गाडीत मी चिरंजीवांना हळूच सांगितलं,

“हे तू केलंस म्हणून सांग हं.”

“पण हे तर तू केलंस.”

“आपण दोघांनी केलं.”

“मी काय केलं?”

“तू सुरुवात केलीस.”

ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, “बाबा, माझं चांगलं नव्हतं?”

मुलांना खोटं बोलू नये म्हणून आपण शिकवतो आणि खोट्याची पहिली शिकवणीही आपणच घेतो, तीसुद्धा आजीच्या प्रेमापोटी! मला उत्तर सुचलं नाही. मी चिवड्याचा डबा उघडला.

सासूबाईंनी घर उलटसुलट करून पाहिलं. “छान आहे हो. केवढ्याला पडलं?”

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. तेवढ्यात साताऱ्याहून आईनं वाकड्या घराचा फोटो सासूबाईंच्या मोबाइलवर पाठवला.

“म्हणजे विहीणबाईंना नातवाच्या हातचं आणि आम्हाला दुकानातलं! बरोबर आहे, जावईबापू. आम्ही पडलो मुलीकडचे!”

तेव्हा मात्र मी सगळं कबूल केलं. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी खळ शिजवायला ठेवली. दुपारभर आजी-नातू जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसले होते. मला फक्त कात्री धरायची परवानगी होती. नवं घर आधीच्यापेक्षाही अरुंद झालं आणि त्यावर तीन अंगठे उमटले.

आज दोन्ही वाकडी घरं दोन गावांतल्या दोन कपाटांत डांबराच्या गोळ्यांशेजारी सुखरूप आहेत. त्यांत चष्मा ठेवत नाहीत, खराब होतील म्हणून. चष्मे पूर्वीसारखेच हरवतात. जरीची फीत लावलेलं सुबक घर मी स्वतः वापरतो. माझा चष्मा त्यात अगदी बेताचा बसतो. कुणी करून दिलं म्हणून मात्र अजून एकानंही विचारलेलं नाही.