न बसलेला चटका

२६ डिसेंबर २०१९ची सकाळ. कंकणाकृती ग्रहण तिकडे कासरगोड-मंगळूरला दिसायचं होतं. गडहिंग्लजला कंकण नव्हतं, पण पाऊण भागाहून जास्त सूर्य झाकला जाणार होता. रस्त्याकडेच्या एका वेल्डिंगच्या दुकानात मामा-भाचे खिडकीच्या ग्रिलची चौकट जुळवत होते.

भाच्यानं शील्ड उचललं. "मामा, ह्यातनं बघू काय?"

"त्याची काच ११ नंबरची. आपल्या कामाला चालते. सूर्याला १४ नंबर लागतो, तो आपल्याकडं नाही."

"आर्क लागला तरी दोन दिवसांत उतरतोय. सूर्याचं काय एवढं?"

ठिणग्यांत वावरणाऱ्याला उजेडाचं भय उरत नाही, ही त्या धंद्याची खोडच. आर्क लागला की रात्री डोळे खुपतात, पाणी थांबत नाही, बटाट्याच्या चकत्या ठेवून माणूस तळमळत पडतो आणि बरा होऊन पुन्हा कामाला लागतो. भाच्यानं हे सोसलेलं होतं, म्हणूनच त्याला नको तेवढा धीर आला होता.

मामा म्हणाले, "तवा चटका देतो म्हणून हात वाचतो. सूर्य डोळ्याला चटका देत नाही. जिथं दुखत नाही, तिथं जास्त जपायचं."

मग त्यांनी शेजारच्या वडापावच्या गाडीवरचा झारा मागून आणला. ग्रहणामुळं कढई थंडच होती. सूर्याकडं पाठ करून त्यांनी तो उन्हात धरला, तर भोकाभोकातून जमिनीवर सूर्याच्या कोरी उतरल्या! पोरंटोरं गोळा झाली.

भाच्याला ते जमिनीवरचं ग्रहण पोरखेळ वाटलं. दुकानामागं जाऊन तो एक्स-रेची जुनी फिल्म डोळ्यांपुढं धरून बघत राहिला. फिल्मनं चकाकी मारली, त्यामुळं डोळे मिटावेसेही वाटले नाहीत. न दिसणारे अवरक्त किरण मात्र तिच्यातून आत जातच होते. दुखलं काहीच नाही. "बघा, काय झालं?" म्हणत तो हसत आला.

दुसऱ्या दिवशी माप घेताना टेपवरचा चोविसाचा आकडा सापडेना. तेवीस दिसे, पंचवीस दिसे, मधलाच नाही. त्यानं टेप पुसली, डोळे चोळले. नजर पंचविसावर नेली, तर पंचवीस गेला आणि चोवीस दिसू लागला.

डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून तपासलं. "आर्कनं बुबुळावरची साल भाजते. ती दुखते आणि भरूनही येते. हा डाग आतल्या पडद्याच्या मधोमध आहे. त्या पडद्याला दुखणं कळतच नाही. काही महिन्यांत थोडं सुधारेल, पण पूर्ण सुधारेलच असं नाही. खात्रीचं औषध नाही यावर."

ग्रिल मामांनीच पुरी केली. भाच्याकडं आता घासकाम आणि रंग. मापाला आणि टाका मारायला मामांनी दुसरा माणूस ठेवलाय.