नवातली एक

अमेरिकेतल्या तिसऱ्या पक्षाचा विषय निघाला की आपल्याला रॉस पेरो नाहीतर राल्फ नेडर आठवतात. १९९२मध्ये पेरोंनी जवळपास १९ टक्के मतं घेतली आणि इलेक्टोरल कॉलेजात त्यांच्या वाट्याला भोपळा आला. तिसऱ्याला जागा मिळाली तर ती खाली, गटारं आणि घरभाड्याच्या राजकारणात. तिथेही नियमांत फट सापडावी लागते. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत यांना ती सिएटलमध्ये सापडली.

सिएटलच्या सिटी कौन्सिलच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नावच नसतं. पहिल्या फेरीतले पहिले दोघे पुढे जातात, त्यामुळे ‘मत फुकट जाईल’ ही धास्ती अंतिम फेरीत उरत नाही. २०१२मध्ये सावंत सोशालिस्ट ऑल्टरनेटिव्हच्या उमेदवार म्हणून राज्य विधिमंडळासाठी थेट सभापती फ्रँक चॉप यांच्याविरुद्ध लढल्या आणि पडल्या. पण उघडपणे समाजवादी म्हणवून घेऊनही सुमारे २९ टक्के मतं मिळाली. पुढच्याच वर्षी सोळा वर्षं नगरसेवक असलेल्या रिचर्ड कॉनलिन यांना त्यांनी हरवलं.

निकालाच्या रात्री मात्र कॉनलिनच पुढे होते. या राज्यात मतदान टपालाने होतं, उशिरा आलेली पाकिटं पुढे कित्येक दिवस मोजली जातात, आणि उशिरा मत देणाऱ्यांत तरुण जास्त. २०१९मध्ये अ‍ॅमेझॉनने व्यापारी गटाच्या निवडणूक निधीत सुमारे १५ लाख डॉलर ओतले, तेव्हाही सावंत पहिल्या रात्री मागे होत्या. २०२१मध्ये त्यांना परत बोलावण्यासाठी मतदान झालं, त्यातही तेच. अखेर त्या ३१० मतांनी वाचल्या.

नऊ जणांत एकट्या मताने काही होत नाही. तासाला १५ डॉलर किमान वेतनाचा ठराव २०१४मध्ये एकमताने मंजूर झाला तो त्यांच्या मतामुळे नव्हे, धाकामुळे. त्यांचे कार्यकर्ते शहराच्या सनदेतच दुरुस्ती करण्यासाठी सार्वमताची तयारी करत होते. त्यापेक्षा तडजोड बरी, असं व्यापाऱ्यांना वाटलं. वाढ टप्प्याटप्प्याने द्यायची अट सावंतांना मान्य नव्हती, पण तिथे त्या हरल्या. २०१८चा बड्या कंपन्यांवरचा कर तर कौन्सिलने महिन्याभरात मागे घेतला. २०२०मध्ये वेगळ्या रूपात तसाच कर आला, तेव्हा श्रेय मुख्यतः सहकारी नगरसेविका टेरेसा मोस्केडा यांना गेलं. तिसऱ्या पक्षाच्या माणसाचं बहुतेक काम असंच दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं, आणि सावंतांचा तडकाफडकी भांडणारा स्वभाव पाहता ते फारसं आश्चर्याचं नाही.

फेब्रुवारी २०२३मध्ये जातिभेदाला बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर सिएटल ठरलं, ते त्यांच्या ठरावामुळे. आंबेडकरी संघटना पाठीशी होत्या. ठराव मांडणारी बाई ब्राह्मण घरातली, याचीही चर्चा झाली.

त्याच वर्षी त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत आणि जागा जॉय हॉलिंग्सवर्थ यांच्याकडे गेली. आपल्याकडे छोट्या पक्षाची जागा टिकल्याचं उदाहरण आहे: शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले. त्यांच्यामागे २०२४मध्ये पक्षाने ती जागा पुन्हा मिळवली (नातवाच्या हातून, हे सोडून देऊ). सिएटलमध्ये असा वारसा राहणं कठीणच होतं. पक्षाशिवायच्या मतपत्रिकेने सावंतांना आत घेतलं, पण त्यांच्या पक्षाला मतदारांच्या सवयीत रुजू दिलं नाही. पुढे सावंतांनी स्वतःच तो पक्ष सोडला. २०२५मध्ये त्यांनी डेमोक्रॅट अ‍ॅडम स्मिथ यांच्याविरुद्ध प्रतिनिधिगृहाची निवडणूक अपक्ष म्हणून लढवण्याचं जाहीर केलं. पहिल्या दोघांची पद्धत तिथेही आहे. फक्त त्या मतपत्रिकेवर पक्षाची पसंती छापली जाते.