चौथे ऋण

पतसंस्थेच्या खिडकीमागे मी 27 वर्षे बसले. दर बाजारच्या दिवशी एक कासारीण यायची. पदराची गाठ सोडून हप्ता मोजायची आणि दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले पासबुक पुढे करायची. तिला वाचता येत नव्हते, पण शिक्का उमटला की शाई वाळेपर्यंत ती पासबुक मिटत नसे. एकदा म्हणाली, "बाई, आजवर लोकांनी दिलं ते कीव येऊन. परत दे, असं तुम्हीच पहिल्यांदा म्हणालात."

तेव्हापासून एक प्रश्न सुटत नव्हता. दान केले की पुण्य लागते, कर्ज काढले की मान खाली जाते, असे आपण मानतो. मग त्या बाईची मान कर्जाने ताठ कशी झाली?

मला उत्तराकडे नेले जॉन ह्यूम यांनी. 1998 मध्ये डेव्हिड ट्रिम्बल यांच्याबरोबर शांततेचे नोबेल मिळालेले ते हेच. 1937 साली उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात त्यांचा जन्म झाला. तिथे शर्टांच्या कारखान्यांत बायकांना काम मिळे, पुरुष मात्र घरी बसत. ह्यूम यांचे वडीलही बेकारच होते. अडीनडीला सावकार, नाहीतर गहाणाचे दुकान. ह्यूम धर्मगुरू व्हायला मेनूथला गेले, ते शिक्षण अर्ध्यावर सोडून परतले आणि मास्तर झाले. 1960 मध्ये, वयाच्या 23व्या वर्षी, एक पाद्री आणि आणखी काही जणांबरोबर त्यांनी डेरी क्रेडिट युनियन काढली. सुरुवातीचे भांडवल होते सात पौंड. चार वर्षांनी ते आयर्लंडभरच्या क्रेडिट युनियनांच्या लीगचे अध्यक्ष झाले. आयुष्यातल्या सगळ्या कामांत याच कामाचा अभिमान त्यांना सर्वांत जास्त वाटे.

कामाची रीत साधी होती. आधी थोडी थोडी बचत, मग कर्ज. व्याज महिना शेकडा एक, तेही शिल्लक मुद्दलावर. ठेव कितीही असो, प्रत्येक सभासदाला एकच मत. आपल्या पतसंस्थेचे आणि या युनियनचे मूळ एकच आहे: एकोणिसाव्या शतकात जर्मनीत रायफायझेन यांनी उभी केलेली गावकऱ्यांची पतपेढी.

या रीतीत मला एक श्रद्धा दिसते. दान माणसाची आजची भूक पाहते, आणि भूक लागली असताना तेच हवे. कर्ज त्याचा उद्या पाहते. तू उद्या असशील, कमावशील, दिला शब्द पाळशील, हे पुरावा हाती येण्याआधीच मानावे लागते. देवावरही माणूस असाच विश्वास ठेवतो.

कर्जाने घरे बुडतात, हे मला कुणी सांगायला नको. वसुलीच्या धाकाने गाव सोडून गेलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. म्हणूनच पैसा कुणाचा, हे महत्त्वाचे. परक्याचा पैसा फक्त वसुली जाणतो. डेरीत कर्ज देणारा आणि घेणारा एकाच गल्लीतले. आज एकाची बचत दुसऱ्याच्या चुलीला लागे, उद्या दुसऱ्याची पहिल्याच्या. तिथे कुणी दाता नाही आणि कुणी याचकही नाही.

देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन ऋणे आपण घोकतो. शतपथ ब्राह्मणात चौथेही आहे: मनुष्यऋण. जन्मतःच आपण सगळे एकमेकांचे देणे लागतो. मग कर्जाची लाज कसली? लाज वाटावी ती आपल्यावर देणे नाहीच, असे मानणाऱ्याला.

ह्यूम यांनी नोबेलचे पैसे गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थांना देऊन टाकले. एकाच माणसाने दानही केले आणि कर्जही दिले. दोन्हींत मला त्याच चौथ्या ऋणाची फेड दिसते. कासारीण शिक्का वाळेपर्यंत थांबायची, तेव्हा खिडकीच्या अलीकडे माझाही एक हप्ता फिटत होता.