एकच बीळ, दोन ऋतू

मोंतेइरोचा स्टॉर्म पेट्रेल आणि मदेराचा स्टॉर्म पेट्रेल हे दोन चिमुकले समुद्रपक्षी अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांवर वीण करतात. दोघांचा रंग काळपट तपकिरी, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा आणि वजन जेमतेम ४५-५० ग्रॅम. दोघेही आयुष्याचा बहुतेक काळ खुल्या समुद्रावर काढतात, फक्त विणीसाठी जमिनीवर येतात, तेही रात्री, आणि बिळात एकच अंडे घालतात.

फरक आहे तो वेळापत्रकाचा. मोंतेइरोच्या पेट्रेलची वीण उन्हाळ्यात होते, मदेराच्या पेट्रेलची शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत. ग्रासिओसा बेटालगतच्या खडकाळ टापूंवर एकाच बिळात उन्हाळ्यात एक आणि थंडीत दुसरा नांदू शकतो. नीट पाहिल्यास उन्हाळी पक्ष्याची चण थोडी लहान आणि शेपटीची खाच अधिक खोल दिसते. पिसे झडण्याचा काळही वेगळा असतो. हातात न घेता एवढ्यावरून ओळख पटवणे मात्र अवघड.

त्यामुळे दीर्घकाळ हे एकाच जातीचे दोन हंगामी गट मानले गेले. लुईस मोंतेइरो या पोर्तुगीज पक्षिशास्त्रज्ञाने त्यांच्या भेदाचा पाठपुरावा केला. १९९९ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले. पुढे जनुकीय तपासणीत दोन्ही गट वेगळे निघाले. ध्वनिमुद्रित साद ऐकवण्याच्या प्रयोगांत एका गटाच्या सादेला दुसऱ्याने आपल्यांपैकी एखाद्याची साद म्हणून प्रतिसाद दिला नाही. २००८ मध्ये उन्हाळी गटाला स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला आणि मोंतेइरो यांचे नाव देण्यात आले.

नवी जात निर्माण होण्यासाठी डोंगर, समुद्र असा भौगोलिक अडसर लागतो, ही रूढ समजूत या जोडीने सैल केली. जागा एक असली, तरी जोडीदार शोधण्याचा काळ वेगळा असेल, तर पिढ्यान्‌पिढ्या संकर टळतो आणि जनुकांचे प्रवाह दुभंगतात. अन्य काही द्वीपसमूहांतही या पेट्रेलांचे असे हंगामी गट आहेत, पण त्यांच्यातील दुरावा सगळीकडे सारखा नाही. म्हणजे जात ही तयार वस्तू नसून चालू प्रक्रिया आहे आणि सीमारेषा कुठे आखायची, हा निर्णय अभ्यासकाला पुराव्यांची सांगड घालून घ्यावा लागतो.

या निर्णयाला व्यावहारिक वजनही आहे. मदेराचा पेट्रेल अटलांटिकमध्ये अन्यत्रही वीण करतो. मोंतेइरोचा पेट्रेल फक्त अझोर्सच्या मोजक्या टापूंवर, अल्प संख्येने उरला आहे. दोघांना एकत्र मोजले असते, तर मोठ्या आकड्याआड ही छोटी जात दिसलीच नसती. आता तिच्यासाठी कृत्रिम बिळे बसवली जातात.