धाप आणि झडप

ऊस तोडताना एखादीला धाप लागली, की ‘रक्त कमी आहे’ म्हणून टॉनिकची बाटली आणली जाते. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी, मंठा, परतूरकडून कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या बायकांनी तर असं दुखणं अंगावरच काढायचं, असा जणू रिवाज.

पण ही धाप कधी कधी हृदयाच्या आखडलेल्या झडपेची असते.

सुरुवात लहानपणी, साध्या घसादुखीतून होते. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा संसर्ग होतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात. सूज उतरते, झडपेवरचा व्रण मात्र राहू शकतो. वर्षानुवर्षं दबा धरून बसलेला हा आजार पुष्कळदा गरोदरपणात डोकं वर काढतो.

यावर उपचार आहेत. टू-डी इको या हृदयाच्या तपासणीत झडप पडद्यावर उघडझाप करताना दिसते, कुठे अडते तेही कळतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने पेनिसिलिनचं इंजेक्शन दर 3-4 आठवड्यांनी, वर्षानुवर्षं न चुकता घेतलं, तर तो ताप सहसा उलटत नाही. आखडलेली झडप अनेकदा फुग्याने उघडता येते. बदलायचीच वेळ आली, तर तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने घडवलेली भारतीय झडप 1990 पासून वापरात आहे. मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत होते. 2013 मध्ये तो आपल्याच राज्यातल्या पालघरमधून सुरू झाला.

खरी अडचण स्थलांतराची. गाव सुटलं की इंजेक्शन चुकतं. म्हणून फडावर जाताना इंजेक्शनचं कार्ड सोबत ठेवा, कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा. आणि धाप वारंवार लागत असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: इको करायचा का?