मुका पाहुणा आणि देण्याचा अधिकार

वृद्धाश्रम, शुश्रूषागृह किंवा दीर्घ व्याधींनी जर्जर झालेल्यांचे निवासस्थान यांची योग्यता ठरवायची झाली, तर आपण साहजिकच तेथे राहणाऱ्याला काय काय मिळते याचा हिशेब मांडतो. दोन वेळचे जेवण वेळेवर मिळते की नाही, अंथरुणे स्वच्छ असतात की नाही, औषधांची नोंदवही नीट ठेवली जाते की नाही, रात्री हाक मारली असता कोणी धावून येते की नाही, हे आपण विचारतो. हा हिशेब रास्त आहे आणि तो कसोशीने घेतलाच पाहिजे, कारण या प्राथमिक गोष्टींतच हयगय करणाऱ्या संस्थांची आपल्याकडे वाण नाही. परंतु तो पुरा नाही. ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवले, मुले वाढवली, शेताची मशागत केली किंवा कचेरीतील दप्तर सांभाळले, ज्याच्या शब्दासाठी चार माणसे खोळंबून राहत, तो संस्थेचा उंबरठा ओलांडून आत आला की त्याच्याकडे कोणी काही मागेनासे होते. त्याला सर्व काही पुरवले जाते, आणि त्याने कोणाला काही द्यावे याची तजवीज मात्र कोठेच केलेली नसते. वार्धक्याच्या दुःखांमध्ये या दुःखाला मी फार वरचे स्थान देतो. आणि स्वयंसेवकांनी आपले पाळीव प्राणी घेऊन अशा संस्थांत नियमाने जावे, या वरवर पाहता निव्वळ करमणुकीच्या भासणाऱ्या प्रथेचा विचार मी त्याच दुःखाच्या संदर्भात करू इच्छितो.

शांत स्वभावाचा, अनोळखी माणसांना सरावलेला, पशुवैद्याने तपासलेला एखादा कुत्रा आपल्या मालकासह ठरलेल्या वारी संस्थेत येतो, खाटेपाशी किंवा चाकांच्या खुर्चीपाशी थांबतो, आणि ज्याची इच्छा असेल त्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवावा, त्याच्याशी बोलावे, असा या भेटीचा साधा परिपाठ असतो. ब्रिटनमध्ये १९८३ साली स्थापन झालेली ‘पेट्स ॲज थेरपी’ ही संस्था हे कार्य स्वयंसेवकांच्या बळावर करीत आली आहे. अमेरिकेत असे संघटित प्रयत्न त्याआधीच, १९७६ च्या सुमारास, सुरू झाले होते. आणि आपल्याकडे मुंबईतील ‘ॲनिमल एंजल्स फाउंडेशन’ने या शतकाच्या पहिल्या दशकात या कार्याला आरंभ केला. तथापि या प्रथेमागील कल्पना या सर्व संस्थांहून पुष्कळच जुनी आहे.

इंग्लंडातील यॉर्क येथे क्वेकर पंथीयांनी १७९६ साली ‘रिट्रीट’ नावाचे मनोरुग्णांसाठीचे गृह उघडले, तेव्हा वेड लागलेल्या माणसाला साखळदंडाने जखडून ठेवणे हाच बहुतेक ठिकाणचा शिरस्ता होता. रिट्रीटच्या चालकांनी तो मोडला आणि आवारात ससे, कोंबड्या, ससाणे, समुद्रपक्षी असे प्राणी बाळगले. संस्थापक विल्यम ट्यूक यांचे नातू सॅम्युएल ट्यूक यांनी १८१३ साली या गृहाचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात या प्राण्यांच्या सहवासाने रुग्णांच्या ठायी असलेल्या सामाजिक आणि परोपकारी भावना जागृत होतात, असा अभिप्राय नोंदला आहे. रुग्णाचे मन रमते किंवा तो शांत राहतो एवढेच म्हणून ट्यूक थांबले असते तर त्यात नवल नव्हते. पण ज्याला समाजाने माणसांतून उठवले होते त्याच्या अंतःकरणात इतरांचे भले करण्याची प्रेरणा शिल्लक आहे, आणि तिला विषय मिळाला तर ती वर येते, असे त्यांनी पाहिले. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरील आपल्या सुप्रसिद्ध पुस्तकात दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला लहानसा पाळीव प्राणी हा उत्तम सोबती ठरतो असे लिहिले, आणि रुग्णाला स्वतःच्या हाताने त्या प्राण्याला खाऊ घालणे व त्याची स्वच्छता करणे शक्य असेल तर त्याला तसे करण्यास नेहमी उत्तेजन द्यावे, असेही बजावले. आयुष्यभर रुग्णसेवेचा विचार केलेल्या या विदुषीला रुग्णाच्या हातून घडणारी सेवा औषधाइतकीच मोलाची वाटत होती.

विसाव्या शतकात या अनुभवाला शास्त्राच्या दरबारात नेण्याचा प्रयत्न झाला. बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञाने कोणाशी न बोलणारी मुले आपल्या ‘जिंगल्स’ नावाच्या कुत्र्याशी मात्र मोकळी होतात असे पाहून १९६२ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या काही व्यवसायबंधूंनी त्याची थट्टा केली. पण पुढील दशकात सॅम्युएल आणि एलिझाबेथ कॉर्सन या दांपत्याला ओहायो स्टेट विद्यापीठाच्या मनोरुग्णालयात याच स्वरूपाचा अनुभव आला. तेथे कुत्री ठेवलेली होती ती संशोधनासाठी, रुग्णांसाठी नव्हे. परंतु त्यांचे भुंकणे ऐकून, दीर्घकाळ मौन धरलेल्या काही रुग्णांनी ते मौन सोडले, आणि आम्हाला या कुत्र्यांशी खेळता येईल का, त्यांची देखभाल करण्यात मदत करता येईल का, असे विचारले. आपल्याला काय हवे आहे असे वैद्याने शंभर वेळा विचारूनही ज्यांच्या तोंडून शब्द निघत नव्हता, त्यांना दुसऱ्या जिवासाठी काही करण्याची संधी दिसताच वाचा फुटली, ही घटना मला या विषयाचे मर्म सांगणारी वाटते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. प्राण्यांच्या भेटी हे जणू सिद्ध झालेले औषध आहे, त्यांनी रक्तदाब उतरतो, आयुष्य वाढते, स्मृती परत येते, असे दावे उत्साही मंडळींकडून सर्रास केले जातात. १९८० साली एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृद्रोगाच्या ९२ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. प्राणी पाळणाऱ्या ५३ रुग्णांपैकी वर्षभरात ३ दगावले आणि न पाळणाऱ्या ३९ पैकी ११. हे आकडे तेव्हापासून सतत उद्धृत होत आले आहेत; परंतु असली लहान पाहणी कार्यकारणभाव सिद्ध करू शकत नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरील प्रयोगांचा कॉक्रेन संस्थेने २०१९ साली जो साक्षेपी आढावा घेतला, त्यात एकंदर ९ प्रयोग आणि ३०५ रुग्ण होते. खिन्नतेची लक्षणे थोडी कमी होत असावीत, याहून अधिक काही खात्रीने म्हणता येत नाही, असाच त्याचा निष्कर्ष निघाला. मला या निष्कर्षाने निराशा येत नाही. आपल्या घरी नातवंड येते ते रक्तदाब किती अंशांनी उतरवते याची रुजवात घालून आपण त्याचे स्वागत करीत नाही. प्राण्याच्या भेटीचे समर्थन केवळ औषध म्हणून करणारा माणूस नकळत तिला पुन्हा त्याच जुन्या खात्यात जमा करतो, आणि संस्थेतील वृद्धाला आणखी एक गोष्ट घेण्यास भाग पाडतो.

देण्याच्या अधिकाराचा प्रयोग सर्वांत धिटाईने झाला तो न्यूयॉर्क राज्यातील न्यू बर्लिन गावी, १९९१ साली. तेथील ‘चेस मेमोरियल’ शुश्रूषागृहात बिल थॉमस नावाचा तरुण डॉक्टर वैद्यकीय प्रमुख म्हणून आला. ऐंशी निवासी, त्यांतील पाचांपैकी चारांना स्मृतिभ्रंश. एकाकीपणा, असहायता आणि कंटाळा या तीन रोगांनी ही माणसे ग्रासली आहेत असे त्याचे निदान झाले, आणि त्यावर उपाय म्हणून त्याने दोन कुत्री, चार मांजरे आणि शंभर लहान पोपट आणण्याची मंजुरी मिळवली. पक्षी पिंजऱ्यांच्या आधी येऊन पोहोचले, आणि कर्मचाऱ्यांना घाईघाईने पिंजरे जोडत बसावे लागले. यानंतर जे घडले त्याची कथा डॉ. अतुल गावंडे यांनी ‘बीइंग मॉर्टल’ या ग्रंथात सांगितली आहे. शेजारच्या एका शुश्रूषागृहाशी तुलना करता येथील प्रत्येक निवाशाला लागणाऱ्या औषधांचे प्रमाण निम्म्यावर आले आणि मृत्यूंचे प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. या आकड्यांपेक्षाही मला महत्त्वाचे वाटते ते हे, की जी माणसे बोलत नाहीत असे समजले जात होते ती बोलू लागली, आणि ज्यांना चालता येत नाही अशी नोंद होती त्यांनी आपण होऊन येऊन कुत्र्याला फिरवून आणण्याची तयारी दाखवली.

त्याच ग्रंथात गावंडे यांनी आपल्या आजोबांची हकीकत दिली आहे, आणि ती आपल्या विदर्भातील आहे. यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे हे शेतकरी, सीताराम गावंडे, जवळजवळ ११० वर्षे जगले. रोज रात्री निजण्यापूर्वी घोड्यावर बसून शेतांची पाहणी करण्याचा त्यांचा परिपाठ होता. शरीर थकले, तोल सावरेना, तेव्हा घरच्यांनी त्यांना माजघरात बसवून ठेवले नाही. त्यांनी एक लहान चणीचा घोडा घेतला आणि सोबतीला एक माणूस देऊन ही फेरी चालू ठेवली. मृत्यूच्या वर्षापर्यंत ती चालू होती. त्या परदेशी शुश्रूषागृहाने कुत्री-मांजरे आणून जे साधले, ते एका मराठी कुटुंबाने स्वाभाविक शहाणपणाने साधले होते. आपल्या खेड्यांत वृद्धांचे असे स्थान फार दिवस टिकून होते. नांगराला हात लावणे सुटले तरी म्हाताऱ्याकडे वासराला पाणी दाखवण्याचे, शेळी दारी बांधण्याचे, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करण्याचे काम राही, आणि त्या कामामुळे घरात त्याचा शब्दही राही. मी त्या काळाचे गोडवे गाऊ इच्छित नाही. त्यात विधवांचे हाल होते, उपेक्षा होती, औषधावाचून तडफडणेही होते. परंतु जनावराची जबाबदारी आणि माणसाची प्रतिष्ठा यांचा जो संबंध तेथे सहजपणे जुळलेला होता, तो आपण वृद्धाला शहरातल्या संस्थेत आणताना तोडून टाकला, हे कबूल केले पाहिजे.

यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही विचारार्ह आहेत. पहिला आरोग्याचा. वृद्धाची त्वचा कागदासारखी पातळ असते, एखादा ओरखडाही चिघळू शकतो. आणि रेबीजचे भय आपल्या देशात कल्पित नाही. म्हणून प्रतिवर्षी लसीकरण, कापलेली नखे, गळ्यात पट्टा, भेटीपूर्वी आणि भेटीनंतर हात धुणे या गोष्टींत सवलत देता कामा नये. अमेरिकेतील रुग्णालयीन संसर्गतज्ज्ञांनी २०१५ साली घालून दिलेले नियम कडक आहेत: फक्त कुत्रा आणावा, तो किमान एक वर्षाचा असावा, त्याला कच्चे मांस दिले जात नसावे, आणि भेट एका तासाहून लांबू नये. आपण ते जसेच्या तसे स्वीकारण्यास हरकत नाही. त्याचबरोबर ज्याला कुत्र्याची भीती वाटते, ज्याच्या धर्माचारात किंवा सोवळ्यात त्याचा स्पर्श बसत नाही, त्याच्या खाटेपाशी प्राणी नेऊ नये. नकार देता येणे हाही माणसाच्या प्रतिष्ठेचाच भाग आहे.

दुसरा आक्षेप प्राण्याच्या बाजूचा. ज्या मुक्या जिवाची संमती विचारता येत नाही त्याला आपल्या सत्कार्यासाठी राबवावे काय? उत्तर असे की, तो मुका असला तरी त्याची भाषा वाचता येते. तोंड फिरवणे, वारंवार जांभया देणे, ओठ चाटणे, शेपूट आत घेणे या त्याच्या नकाराच्या खुणा आहेत, आणि त्या दिसताच भेट आटोपती घेणे हे मालकाचे पहिले कर्तव्य आहे. ज्याला आपल्या कुत्र्यापेक्षा आपल्या सेवेच्या छायाचित्रांची अधिक काळजी आहे, त्याने या कार्यात पडू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. प्राणी आणून आपण मुलांची अनुपस्थिती आणि परिचारकांची टंचाई झाकत तर नाही ना? हा धोका खरा आहे. जपानने सीलच्या पिलासारखे दिसणारे, हात लावला की हुंकारणारे ‘पारो’ नावाचे यंत्र बनवले आणि ते अनेक देशांतील शुश्रूषागृहांत पोहोचले. त्याने अस्वस्थ रुग्ण शांत होतात हेही दिसून आले आहे. रुग्णाला शांत करणे एवढेच ध्येय असेल तर जिवंत प्राण्यापेक्षा ते यंत्रच सोयीचे, कारण त्याला भूक लागत नाही. पण भूक लागत नाही म्हणूनच त्याला कोणी काही देऊ शकत नाही. जिवंत कुत्र्याला तहान लागते, तो थकतो, त्याच्या केसांत गुंता होतो. आणि या गरजांपायी वाटीत पाणी ओतणाऱ्या थरथरत्या हाताला पुन्हा काम मिळते. त्या हाताच्या मालकाला अर्ध्या तासाने ही भेट आठवणार नसेल, तरीही दिलेले पाणी कुत्र्याने प्यालेले असते. माणसांनी करावयाच्या गोष्टी माणसांनी केल्याच पाहिजेत, आणि त्यांतून सुटका व्हावी म्हणून कोणी प्राणी आणील तर त्याला विरोधच केला पाहिजे. परंतु मुलगा दर रविवारी येतो अशा वृद्धालाही, मुलाने आणलेली फळे घेण्यापलीकडे, स्वतः काही देण्याची निकड असते.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणविषयक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांना सामावून घेणारे वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची कल्पना मांडली आहे. अशा संस्था उभ्या राहतील तेव्हा त्यांच्या विश्वस्तांना माझे सांगणे एवढेच आहे की, प्राण्यांच्या भेटी हा वर्धापनदिनाचा कार्यक्रम करू नका. तोच प्राणी, तोच वार, तीच वेळ ठेवा. केस विंचरणे, पाणी देणे, खाऊ देणे ही कामे निवाशांकडे नावानिशी सोपवा. आणि तो प्राणी आजारी पडला किंवा मेला तर ती बातमी त्यांच्यापासून दडवू नका, कारण ज्यांना काळजी करण्याचा अधिकार दिला त्यांना शोक करण्याचाही अधिकार आहे. आणि ज्यांच्या घरी शांत, माणसाळलेला कुत्रा आहे, मग तो उमद्या वंशाचा असो की गल्लीतून उचलून आणलेला देशी, त्यांनी त्याची नीट परीक्षा करून घ्यावी, जवळच्या वृद्धाश्रमाच्या चालकांशी बोलावे, आणि महिन्यातले दोन तास या कामासाठी मुक्रर करावेत. पैशाची देणगी देणारे पुष्कळ आहेत आणि ते आवश्यकही आहेत. परंतु देण्याची संधी दुसऱ्याला देणारे दाते फार थोडे आहेत, आणि त्यांची आज अधिक गरज आहे.