मोडण्याआधी सांगणारी तुळई

घरात स्वस्थ बसा. पाठ सैल सोडा, श्वासाला त्याच्या गतीने येऊ-जाऊ द्या. डोक्यावरून एक तुळई गेली आहे. आज थोडा वेळ मन तिच्यापाशी ठेवूया.

आधी भार आठवा. वरच्या मजल्यावरची माणसं, कपाटं, भरलेली पिंपं. हे सगळं पेलताना तुळई मधोमध किंचित वाकते. वाकताना तिची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. काँक्रीट दाब छान सोसतं. ताण सोसायची त्याची शक्ती मात्र दाब सोसायच्या शक्तीच्या जेमतेम एक दशांश. म्हणून तळाशी सळया. लक्ष वरून खाली हळूहळू उतरू द्या : दाब, मग कमी दाब, मग काहीच नाही, मग ताण. पुन्हा एकदा.

आता सळईपाशी थांबा. समजा, हे घर पनवेलला आहे. हवा खाडीची, पाऊस कोकणातला. ओल आणि क्षार काँक्रीटमध्ये मुरत जातात आणि पोलाद गंजू लागतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. तो आतून रेटतो, सळईवरचं काँक्रीटचं आवरण फुटतं, पोपडे पडतात. ठाणे खाडीवरचा वाशीचा पहिला पूल १९७३ साली खुला झाला. त्याच्या पोटातल्या ताणलेल्या पोलादी केबलींना गंजानं ग्रासलं; १९९७ साली शेजारी दुसरा पूल उभा राहिला.

आता मनातल्या मनात आपल्या तुळईतलं पोलाद बाजूला काढा. त्याच्या जागी काचेचे तंतू आणा : रेझिनमध्ये भिजवलेले, तापल्या साच्यातून ओढून पोकळ पेटीच्या आकाराला आणलेले. ही पेटी गंजत नाही. तिचं वजन तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या पाव हिश्श्याच्या आसपास. तिच्यावर काँक्रीटचा थर. ताणाच्या जागी फायबर, दाबाच्या जागी काँक्रीट. जो ज्यात समर्थ, त्याला तेच काम. या जुळणीचं समाधान क्षणभर अनुभवा.

मग ते समाधानही तपासून पाहा. वही वाकवली की पानं एकमेकांवरून सरकतात. पेटी आणि काँक्रीट तसे सरकले, तर एका बळकट तुळईच्या दोन दुबळ्या तुळया होतात. म्हणून सांध्यावर बोल्ट, चिकटद्रव्य, खरखरीत केलेला पृष्ठभाग. शिवाय काचतंतूंच्या पेटीचा ताठपणा पोलादापेक्षा बराच कमी. तुळई मोडायच्या कितीतरी आधी नको तेवढी वाकते. त्यामुळे तिचं माप बहुधा ताकद ठरवत नाही, वाक ठरवतो.

इथे श्वास आणखी संथ होऊ द्या, कारण पुढची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. अतिभार आला की पोलाद आधी लांबतं. तुळई झुकते, तडे रुंदावतात, आणि माणसांना बाहेर पडायला अवधी मिळतो. फायबर तसं लांबत नाही. शेवटपर्यंत सरळ ताण घेतं आणि एकाएकी तुटतं.

१९९५ साली निकोला देस्कोविच, थानासिस ट्रायंटाफिलू आणि उर्स मायर यांनी यावर एक रचना मांडली. काचतंतूंची पेटी, वर काँक्रीट, आणि तळाशी कार्बन तंतूंची पातळ पट्टी. कार्बन जास्त ताठ, पण काचेपेक्षा कमी लांबून तुटणारा. अतिभारात ती पट्टी आधी तुटते. पेटी मात्र भार धरून राहते. ते तुटणं हाच इशारा. जी वस्तू स्वभावानं मूक, तिला माणसानं विचारपूर्वक वाचा दिली.

यावर शांतपणे विचार करा. कधीच न मोडणारं असं काही आपण बांधू शकत नाही. पण खाली वावरणाऱ्या अनोळखी माणसाला सावध करील, असं नक्की बांधू शकतो. तेवढं त्याचं आपल्यावर ऋण आहे.

अटल सेतू २०२४ साली सुरू झाला, विमानतळ आला. पनवेलभोवती खाऱ्या वाऱ्यात रोज नवं बांधकाम उभं राहतं आहे. इथे न गंजणाऱ्या वस्तू येतील, याव्यातही. त्या घेऊन येणाऱ्याला ‘किती भार पेलेल?’ हे विचाराच. आणि तितक्याच आग्रहानं हेही विचारा : ‘भार पेलवेनासा झाला, तर आम्हाला आधी कळेल कसं?’